छत्रीचा सिग्नल वीक झालाय? नट सैल करायच्या आधी हे वाचा

पहिल्यांदा मी टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, सेट करायला वर चढलो तेव्हा एक महान काम केलं, मागचे सगळे नट एकदम सैल केले. म्हटलं मोकळी झाली की आरामात फिरवू. झालं काय, नट सुटल्याबरोबर छत्रीने मान टाकली आणि बॉक्सवरची सिग्नल क्वालिटी जी ४० च्या आसपास रडत का होईना दिसत होती ती थेट शून्य. मग अख्खी दुपार मी वर आणि बहीण खाली टीव्हीसमोर, "आलं का?" "नाही." "आता?" "नाही. थांब, आलं! गेलं." संध्याकाळी कधीतरी परत लॉक मिळाला, म्हणजे बॉक्सने सिग्नल पकडला, आणि आकडा बघितला तर ४१. म्हणजे छत्री आधीपण जागेवरच होती. खरा घोळ होता एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, कनेक्टरमध्ये, आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं.

तेव्हापासून माझा नियम असा की छत्रीला हात सगळ्यात शेवटी. म्हणून हा लेख वाचताना मधला भाग गाळून थेट फिरवाफिरवीवर जाऊ नका, अर्ध्या लोकांचं काम त्याच्या आधीच संपेल.

स्ट्रेन्थ विसरा, क्वालिटी बघा

सेटटॉप बॉक्सच्या मेनूत इन्स्टॉलेशन किंवा सिग्नल असं काहीतरी असतं, तिथे दोन पट्ट्या दिसतात. वरची स्ट्रेन्थ, खालची क्वालिटी. नवखा माणूस वरच्या पट्टीकडे बघून खूश होतो, ८० टक्के आहे की! पण स्ट्रेन्थ म्हणजे बॉक्सपर्यंत एकूण किती पॉवर पोचतेय एवढंच, त्यात एलएनबीने स्वतः तयार केलेली खरखर पण धरलेली असते. एलएनबी सिग्नल ५०-६० डेसिबलने वाढवतो, म्हणजे लाखपटीच्या पुढे, त्यामुळे छत्री मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसली तरी स्ट्रेन्थची पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. क्वालिटी म्हणजे त्या सगळ्या गोंधळातून कामाचा डेटा किती स्वच्छ निघतोय ते. स्ट्रेन्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर जिवंत आहे, एलएनबीला करंट मिळतोय, फक्त छत्री चुकीकडे बघतेय किंवा फ्रिक्वेन्सीची सेटिंग चुकलीये. दोन्ही शून्य असतील तर आधी वायर. ही एक गोष्ट डोक्यात बसली तरी निम्मं काम झालं.

आणि हे आकडे एका बॉक्सचे दुसऱ्या बॉक्सशी जुळवू नका, प्रत्येक कंपनीची फूटपट्टी वेगळी असते. आपला कालचा आकडा आणि आपला आजचा आकडा, तुलना एवढीच.

अजून एक, डिजिटल सिग्नल हळूहळू खराब होताना दिसत नाही. जुन्या अँटेनावर मुंग्या यायच्या, इथे तसं नाही, चित्र शेवटपर्यंत चकाचक आणि मग एकदम चौकोन चौकोन, आवाज तुटतो, खेळ खल्लास. म्हणून छत्री थोडी सरकलेली असली तरी कोरड्या दिवसात कळत नाही आणि पहिला ढग आला की कळतं. लोक म्हणतात पावसाने बिघडलं, पावसाने फक्त उघडं पाडलं.

आधी हे तपासा, नट तसेच राहू द्या

बॉक्स बंद करा, म्हणजे प्लगमधून बंद, रिमोटने नाही. बॉक्स त्याच वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, चालू असताना कनेक्टर काढताना मधला तार कडेच्या जाळीला टेकला तर शॉर्ट होतं आणि सगळे बॉक्स त्यातून सुखरूप वाचत नाहीत.

मग दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून बघा. मधली तांब्याची तार चकचकीत पाहिजे, काळी किंवा हिरवी नको, आणि कनेक्टरच्या तोंडातून दोनेक मिलिमीटर बाहेर आलेली पाहिजे. जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागला नको, हा केस एवढा बारीक असतो की उन्हात धरून बघितल्याशिवाय दिसत नाही. कनेक्टर आतून ओला असेल, वायर सोलल्यावर जाळी राखाडी आणि ठिसूळ लागली तर तेवढा तुकडा कापून टाका, स्वच्छ तार लागेपर्यंत कापत जा. मी एकदा जवळजवळ हातभर वायर कापली तेव्हा कुठे चकाकी दिसली, पाणी जाळीतून शोषलं जाऊन इतकं आत जातं. नवीन कनेक्टर पिळून बसवायच्या प्रकारापेक्षा दाबून घट्ट बसणारा चांगला, पिळायचा बसवलात तर वरून पाणी न शिरणारी चिकट टेप नीट गुंडाळा, गुंडाळताना खालून वर जा म्हणजे टेपचे थर कौलांसारखे एकावर एक पडतात आणि पाणी बाहेरून ओघळून जातं. एलएनबीखाली वायरला एक झोळ द्या, पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, कनेक्टरकडे जात नाही.

वायर आरजी ६ च असावी, ७५ ओहमची. कुठेतरी मध्ये जुनी अँटेनाची वायर जोडलेली असेल, खिडकीत दाबली गेली असेल, उंदराने कुरतडली असेल, मध्ये टेप लावून नुसता पिळलेला जोड असेल तर छत्री कितीही फिरवा, काही होणार नाही. संशय आला तर सोपी टेस्ट आहे, बॉक्स आणि छोटा टीव्ही वर छत्रीजवळ न्या आणि दोन मीटरच्या नव्या वायरने सरळ एलएनबीला जोडा. वर क्वालिटी झकास आणि खाली रडकी, तर दोषी वायर. दोन्हीकडे रडकी, तर छत्री किंवा एलएनबी.

त्यानंतर एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा. उन्हाने ती तडकते, आत पाणी किंवा गांधीलमाशीचं घर सापडतं, मी थट्टा करत नाहीये, मातीचं घर होतं खरंच.

बिघाड कसा होतो त्यावरून पण बरंच कळतं. भर दुपारी सिग्नल जातो आणि रात्री आपोआप येतो, तर एलएनबी तापल्यावर फ्रिक्वेन्सीवरून सरकतोय किंवा एखादा जोड तापून सैल होतोय. वाऱ्याच्या झोताबरोबर चित्र फुटतं, तर नट किंवा खांब ढिला. ठराविक चॅनेलच जातात आणि बाकी मस्त, तर ते सगळे एकाच पोलरायझेशनचे आहेत का बघा, पोलरायझेशन म्हणजे सिग्नलच्या लहरी उभ्या डुलतात की आडव्या ते, १३ व्होल्टवर उभं आणि १८ वर आडवं पोलरायझेशन निवडलं जातं, लांब किंवा सडक्या वायरीत १८ चे १८ वर पोचत नाहीत मग एक अख्खी बाजू गायब होते. दोन बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे दोन पट्टे, असलेल्या एलएनबीत वरचा बँड २२ किलोहर्ट्झच्या टोनने चालू होतो, तो टोन मध्ये कुठल्या स्विचमध्ये अडकला तरी अर्धे चॅनेल जातात. यातलं काहीच छत्री फिरवून सुटत नाही. गेल्या वर्षी सगळं ठीक होतं आणि यंदा नाही, तर वर बघा, समोरचं झाड वाढलं असेल. ओली पानं कु बँडचा, म्हणजे घरगुती छत्री ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर चालते त्याचा, सिग्नल बरोबर खाऊन टाकतात.

शेवटी छत्रीचा पत्रा. काही पडलं असेल, कोणी टेकून उभं राहिलं असेल तर ती पिळवटते आणि डोळ्याला दिसत नाही. दोन दोरे घ्या, एक कडेपासून कडेपर्यंत उभा ताणा, दुसरा आडवा, दोघे मध्यावर एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. मध्ये पाच-सात मिलिमीटरची फट पडली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबायला लागला तर पत्रा वाकलाय. दोऱ्यांची जागा वर-खाली करून परत बघा, कारण दाबणं आणि फट दोन्ही त्यात लपू शकतात. कु बँडमध्ये लहरीची लांबीच अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणून थोड्या मिलिमीटरचा पोचा पण महाग पडतो. अशी छत्री ठोकून सरळ करत बसू नका, बदला.

छत्री नक्की कुठे बघते

सगळं तपासलं, तरी क्वालिटी कमीच, मग आता छत्री. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, त्या उंचीवर त्यांची फेरी पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच वेळात होते म्हणून आपल्याला ते एकाच जागी खिळल्यासारखे दिसतात. उत्तर गोलार्धातून बघितलं तर ही सगळी रांग दक्षिणेकडच्या आकाशात इंद्रधनुष्याच्या कमानीसारखी पसरलेली असते, मधला भाग उंच आणि पूर्व-पश्चिमेची टोकं खाली उतरलेली. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेकडे.

आता छत्री किती नेमकी बसवावी लागते? ६० सेंटीमीटरची छत्री साधारण तीनेक अंशांची चिमूटभर जागा बघते. मधल्या बिंदूपासून दीड अंश सरकली की पॉवर जवळजवळ निम्मी. छत्रीच्या कडेवर मोजलं तर दीड अंश म्हणजे सात-आठ मिलिमीटर. आणि खांबावर मोजलं तर बघा, ४ सेंटीमीटर जाडीच्या खांबाचा घेर साडेबारा सेंटीमीटर, त्याला ३६० ने भागा, एक अंश म्हणजे जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर! पेन्सिलच्या रेघेची जाडी सरकली की अंश गेला. छत्री जितकी मोठी तितकी ही जागा अजून अरुंद, ९० सेंटीमीटरला दोन अंशाच्याही आत. म्हणून मोठ्या छत्रीला सिग्नल जास्त मिळतो पण सेट करायला ती जास्त छळते.

तीन गोष्टी जुळवायच्या असतात. आडवी दिशा, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने किती अंश. उभा कोन, म्हणजे क्षितिजापासून किती वर. आणि एलएनबीचा पीळ, म्हणजे तो आपल्या धारकात किती अंश फिरवून बसवायचा ते. हे आकडे आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि उपग्रहाचा रेखांश टाकले की मोबाइलमधलं कुठलंही छत्री सेट करायचं अॅप देतं. तरी एक उदाहरण देतो म्हणजे अंदाज येईल. तुम्ही २० अंश उत्तर अक्षांशावर आहात आणि उपग्रह तुमच्या रेखांशापेक्षा १० अंश पूर्वेला आहे. बऱ्याच जणांना वाटतं की मग दक्षिणेपासून १० अंश पूर्वेकडे वळवली की झालं. नाही, हिशोब केला तर आडवी दिशा येते १५२.७ अंश, म्हणजे दक्षिणेपासून २७ अंशांपेक्षा जास्त वळलेली, उभा कोन ६३.९ आणि पीळ साधारण साडेपंचवीस. विषुववृत्ताच्या जवळ गेलं की उपग्रह डोक्यावर येतात आणि रेखांशाचा थोडा फरक दिशेत मोठा होऊन दिसतो. म्हणून अंदाजपंचे वळवू नका.

होकायंत्र वापरताना दोन खड्डे आहेत. एक, तो चुंबकीय उत्तर दाखवतो आणि अॅपचा आकडा बहुतेक वेळा खऱ्या उत्तरेवरून असतो, दोघांतला फरक जागेनुसार बदलतो, अॅपमध्ये खरी उत्तर निवडायची सोय असेल तर ती चालू करा. दोन, लोखंडी खांबाजवळ, टाकीजवळ, स्लॅबमधल्या सळ्यांवर होकायंत्र खुशाल थापा मारतं, मोबाइलचं तर विचारूच नका. छत्रीपासून चार-पाच पावलं मागे जा, तिथून दिशा घ्या आणि त्या रेषेत लांबचं काहीतरी, एखादी टाकी, टॉवर, झाडाचा शेंडा, हेरून ठेवा. मला स्वतःला सूर्याची पद्धत जास्त आवडते. अॅपवर बघायचं आज सूर्य नेमका त्या दिशेला किती वाजता येतोय, त्या मिनिटाला दोरीला वजन बांधून ओळंबा धरायचा, सावलीच्या रेषेवर खडूने रेघ मारायची, त्या रेघेवरून सूर्याकडची बाजू म्हणजे आपली दिशा. लोखंडाचा काही संबंधच नाही. विषुववृत्ताच्या जवळच्या भागात काही महिने सूर्य डोक्यावरून पलीकडे सरकतो तेव्हा ही युक्ती चालत नाही, एवढीच अडचण.

वर चढताना

दोन पाने, बहुतेक छत्र्यांना १० आणि १३ नंबरचे लागतात, आपल्या नटाला कुठला लागतो ते आधी बघून घ्या नाहीतर चार वेळा खाली-वर होतं. मार्कर, ओळंबा किंवा लेव्हल पट्टी, गंजलेल्या नटासाठी तेल, टेप, एक फडकं आणि थोडं पाणी, फडक्याचं नंतर सांगतो. खाली टीव्हीसमोर माणूस, आणि ओरडण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा क्वालिटीच्या पट्टीवर रोखून ठेवायला सांगा, भांडणं वाचतात.

पाऊस, विजा, जोराचा वारा असेल तर चढू नका. सिग्नल पावसात गेलाय म्हणून पावसातच सेट करायचा मोह होतो, पण पावसात दिसणारा आकडा छत्रीचा नसतो ढगाचा असतो, त्याच्यावर सेट करण्यात काही अर्थ नाही. छत्री कठड्याच्या बाहेरच्या बाजूला लावलेली असेल, वाकून पोचावं लागत असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल तर सरळ माणूस बोलवा. पडताना छत्री धरून माणूस वाचत नाही.

पहिलं काम खांबाचं

खांब उभा आहे का ओळंब्याने बघा, एका बाजूने बघून झालं की काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूनेपण. खांब तिरका असला की छत्री डावी-उजवी फिरवताना तिचा उभा कोनपण बदलत जातो, मग एक जुळवावं तर दुसरं बिघडतं आणि आपण तासभर गोल गोल फिरत राहतो. तिरका असेल तर आधी तो सरळ करा, पायाचे बोल्ट घट्ट करा, खांब हाताने हलवून बघा, अजिबात डुलायला नको.

मग खुणा. खांबावर आणि खांबाला धरणाऱ्या क्लॅम्पवर मिळून एक सलग उभी रेघ, उभ्या कोनाच्या पट्टीवर बोल्टच्या कडेला एक रेघ, एलएनबी आणि त्याच्या धारकावर एक. मोबाइलने जवळून फोटो. काही बिघडलं तर निदान परत ४१ वर येता येईल, हे मी ज्या दुपारी केलं नाही तिची गोष्ट वर सांगितलीच.

आत्ता नट सैल न करता एक टेस्ट करा, माझ्या मते सगळ्यात उपयोगी. छत्रीच्या मागे उभं राहा, एका बोटाने वरची कड हळूच आपल्याकडे ओढा, म्हणजे छत्री केसभर वर बघायला लागते. आकडा वाढला का? मग खालची कड ओढा. मग उजवी, मग डावी. उजवी कड आपल्याकडे ओढली की छत्री उजवीकडे बघते, डावी ओढली की डावीकडे. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद धरून ठेवा कारण बॉक्सचा आकडा उशिरा बदलतो. चारही बाजूंनी आकडा कमीच होत असेल तर छत्री शिखरावरच बसलेली आहे, नटांना हात लावू नका, खाली उतरा आणि एलएनबी बदलायचा विचार करा. एका बाजूला वाढत असेल तर तुम्हाला दिशा मिळाली, आणि एवढंसं वाकवून फरक पडतोय म्हणजे सरकवायचंपण एवढंसंच आहे.

आता फिरवणं

एका वेळी एकच. आधी आडवी दिशा. खांबाच्या क्लॅम्पचे नट इतकेच सैल करा की छत्री दोन्ही हातांनी जोर लावल्यावर कुरकुरत फिरेल, स्वतःच्या वजनाने नाही. उभ्या कोनाचे नट घट्टच असू दे.

सरकवा, थांबा, मोजा. खूण अर्धा मिलिमीटर सरकली, हात काढा, चार सेकंद. हात काढायचा कारण हाताच्या वजनानेपण छत्री वाकते, आणि पुढे उभं राहिलात तर तुमचं डोकंच मध्ये येतं, म्हणून कायम मागे किंवा खाली राहा. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, सलग फिरवत जातात, बॉक्स लॉक धरेपर्यंत छत्री उपग्रहावरून पुढे निघून गेलेली असते आणि त्यांना वाटतं इथे काहीच नाही.

लॉक अजिबातच गेला असेल तर उभा कोन पट्टीवर अॅपच्या आकड्याला लावा आणि मग आडवी पूर्ण झाडून काढा, अंदाजे दिशेच्या वीसेक अंश एका बाजूपासून वीस अंश दुसऱ्या बाजूपर्यंत. नाही सापडला तर उभा कोन एका अंशाने वर, परत झाडणी. परत नाही, तर मूळ जागेच्या एक अंश खाली. इथे एक गंमत लक्षात ठेवा, हल्लीच्या बहुतेक घरगुती छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबी खालून वर बघतो आणि छत्रीचा चेहरा दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते. म्हणून सरळ उभी दिसणारी छत्री पण आकाशातच बघत असते. मागच्या पट्टीवरचे अंश हा फरक धरूनच छापलेले असतात, तेव्हा पट्टीवर विश्वास ठेवा, डोळ्यावर नाही, आणि छत्रीच्या चेहऱ्यावर मोबाइलचं कोनमापक लावून तोच आकडा आणायला जाऊ नका.

लॉक मिळाला की लगेच उड्या मारायच्या नाहीत. शिखर शोधायची पद्धत अशी की क्वालिटी ज्या आकड्यावर ठळक पडते, समजा ७० वरून ५०, ती जागा डावीकडे शोधून खांबावर बारीक रेघ मारा, मग उजवीकडे तोच ५० कुठे येतो तिथे रेघ मारा, आणि छत्री दोन्हींच्या बरोबर मध्ये आणा. शिखर सपाट असतं, तिथे आकडा हलत नाही, उतार मात्र स्पष्ट दिसतो म्हणून उतारावरून मध्य काढायचा. आकडा ९५-९९ वर जाऊन चिकटला आणि हलवून काही फरकच दिसेना तर ते फडकं काढा, ओलं करा, पिळा आणि एलएनबीच्या तोंडावर टाका. सिग्नल मुद्दाम वीक झाला, आता पट्टी परत हलायला लागेल. सगळं गेलं तर फडकं अजून पिळा.

आडवी झाली, नट जरा घट्ट करा, मग उभा कोन त्याच पद्धतीने. इथे छत्रीचं वजन खाली ओढतं, म्हणून शिखर ओलांडून खाली आणण्यापेक्षा खालून वर ढकलत शिखरावर थांबा, नंतर ती बसून जाते तेव्हा कमी सरकते. मग परत आडवी बघा. दुसऱ्या फेरीत बहुतेक अजून दोन-चार आकडे मिळतातच.

मेनूत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचा एकेक प्रक्षेपक, बदलता येत असेल तर सगळ्यात ताकदवान ट्रान्सपॉन्डरवर सेट करू नका, जो रडका असेल तो लावून सेट करा, बाकीचे आपोआप येतात.

एलएनबीचा पीळ

हा भाग लोक विसरतात. कमानीच्या मधल्या भागात उपग्रह असेल तर पीळ जवळजवळ शून्य, कमानीच्या उतारावर असेल तर जसा उतार तसा पीळ. उत्तर गोलार्धात उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिलं आणि उपग्रह दक्षिणेच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला असेल तर एलएनबी घड्याळाच्या उलट फिरवायचा, पश्चिमेला असेल तर घड्याळाप्रमाणे. छत्रीच्या समोर उभं राहून बघितलं की हे उलटं दिसतं, इथेच गल्लत होते. काही उपग्रहांचं स्वतःचंच पोलरायझेशन जरा तिरकं असतं म्हणून हिशोबाचा आकडा सुरुवातीपुरता, तिथून दोन-तीन अंश इकडे-तिकडे फिरवून क्वालिटी बघायची. दोन-चार अंशांनी मोठा फरक दिसत नाही, पण दहा-पंधरा अंश चुकला असेल तर समोरच्या पोलरायझेशनचा सिग्नल आत घुसतो आणि स्ट्रेन्थ तशीच राहून क्वालिटी पडते. गोलाकार पोलरायझेशन वापरणारी सेवा असेल तर पीळ द्यायचा प्रश्नच नाही.

लॉक आहे, पण चॅनेल नाहीत

क्वालिटी ८० आणि तरी एकही ओळखीचं चॅनेल नाही? शेजारच्या उपग्रहावर बसलात. दोन उपग्रहांत कधीकधी दोन-तीन अंशांचंच अंतर असतं, म्हणजे खांबावर एक मिलिमीटर. मेनूत नेटवर्कचं नाव दिसत असेल तर ते बघा, नाहीतर चॅनेल सर्च करून काय सापडतं ते बघा. एखाद-दुसरी फ्रिक्वेन्सी दोन उपग्रहांवर सारखीच असू शकते म्हणून एका ट्रान्सपॉन्डरवरच्या लॉकवर भरवसा ठेवायचा नाही, तीन-चार बदलून बघा, सगळे लागले तर घर बरोबर.

घट्ट करणं

सगळ्या मेहनतीचं वाटोळं इथे होतं. एक नट करकचून आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते. चाकाचे नट आवळतात तसं, समोरासमोरचे आळीपाळीने, पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर आकडा. पडायला लागला तर थांबा, समोरचा नट आवळून छत्री परत ओढून घ्या. सगळे आवळून झाले की ती बोटाने ओढायची टेस्ट पुन्हा करा, चारही बाजूंनी आकडा सारखाच पडला पाहिजे. एका बाजूला जास्त पडला आणि समोरच्या बाजूला वाढला तर आवळताना सरकलीये, परत सैल. कंटाळा येतो, मान्य आहे, पण याच पाच मिनिटांवर पावसातला टीव्ही अवलंबून असतो.

नटांवर थोडं ग्रीस लावा, पुढच्या वेळी ते गंजून अडकलेले नसतील. नव्या जागेच्या नव्या खुणा करा, जुन्या पुसून टाका नाहीतर पुढच्या वेळी आपणच गोंधळतो. चार ट्रान्सपॉन्डरचे क्वालिटीचे आकडे, तारीख आणि आकाश कसं होतं ते एका कागदावर लिहून बॉक्सच्या बुडाला चिकटवा.

हे सगळं करूनही मुसळधार पावसात चित्र गेलं तर छत्रीला शिव्या घालू नका. कु बँडचा सिग्नल पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात, अगदी नेमकी बसवलेली छत्रीसुद्धा काळ्याकुट्ट ढगापुढे हरते. फरक एवढाच की आधी रिमझिमीत जायचं ते आता फक्त धो धो पावसात जाईल आणि ढग सरकला की लगेच परत येईल. तेवढंही चालत नसेल तर एक आकार मोठी छत्री घ्यावी लागते, फिरवून आता काही मिळणार नाही. आणि मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस रोज ठराविक वेळी काही मिनिटं सिग्नल जात असेल तर तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतोय, त्याच्या खरखरीत उपग्रह बुडतो. त्या दिवसांत पाना घेऊन वर चढू नका, चार-आठ दिवसांत ते आपोआप थांबतं.